वरचा दरवाजा

मंगळवारी दुपारी चार वाजता परीक्षणं येणार होती. आमच्या धंद्यात असं असतं: कम्प्युटर गेम बाजारात यायच्या पंधरा-वीस दिवस आधी परीक्षकांना प्रत पाठवायची, आणि त्यांनी सगळ्यांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घटकेलाच छापायचं. त्याआधी कुणी चकार शब्द काढायचा नाही. चार वाजायला एक मिनिट असताना माझा धाकटा भाऊ तानेली माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि माझ्या मानेवर फुसफुस श्वास सोडायला लागला.

"बस ना जरा," मी खेकसले.

"बसतो," म्हणाला, आणि उभाच राहिला.

वार्काउस ह्या आमच्या गावात सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमची भाड्याची खोली आहे. तिथे आम्ही दोघांनी सहा वर्षं घासली आणि एक गेम केला. त्याचं नाव 'वरचं पाणी'. आमचे बाबा कालव्यावर कामाला होते, एक्केचाळीस वर्षं. खालच्या तळ्यातली बोट वरच्या तळ्यात चढवायची असते, त्यासाठी मध्ये पाण्याच्या कोठ्या बांधलेल्या असतात. बोट कोठीत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी भरायचं, आणि बोट वर आली की पुढचा, म्हणजे वरचा, दरवाजा उघडायचा. बाबांनी जन्मभर तेच केलं. आता ते दरवाजे शंभर मैलांवरच्या कुठल्याशा खोलीत बसून एक माणूस बटणाने उघडतो, आणि ह्या विषयावर बाबांना बोलायला लावू नये.

तर आमच्या गेममध्ये अशा सात कोठ्या आहेत. प्रत्येक कोठी म्हणजे एक कोडं. कुठलं चाक आधी फिरवायचं, पाणी कुठून घ्यायचं, असली डोकेफोड. ते सगळं माझं. सातव्या कोठीचा वरचा दरवाजा उघडला की समोर तळं लागतं, आणि तळं तानेलीचं. अकरा बेटं, पहाटेचं धुकं, आणि बाबांचा आवाज. दोन हिवाळे तानेली बाबांच्या स्वयंपाकघरात आवाज टिपायचं यंत्र मांडून बसायचा आणि त्यांना बोलतं करायचा. आई गेल्यापासून जो माणूस हवापाण्यापलीकडे बोलला नव्हता, तो तानेलीपुढे तास तास बोलला. तळ्यावर बोट फिरवत गेलं की ते ऐकू येतं.

हेही सांगून टाकते. त्याआधीचा एक अख्खा हिवाळा तानेली अंथरुणातून उठला नव्हता. शाळेतली नोकरी गेली, बायको गेली. मी रोज जाऊन त्याच्या पुढ्यात सूप ठेवायचे आणि रोज तसंच उचलून न्यायचे. तो उठला तो ह्या तळ्यासाठी. त्यामुळे त्या तळ्याला लोक काय म्हणतात ह्याची मला जेवढी भीती वाटत होती, तेवढी माझ्या कोठ्यांची अजिबात वाटत नव्हती.

चार वाजले. पहिलंच परीक्षण इल्वा स्टेनमार्कचं, स्टॉकहोमहून. ह्या बाईने नाक मुरडलं की अर्ध्या युरोपचं नाक मुरडतं. मी डोळे मिटून घेतले.

"नऊ!" तानेली ओरडला. "रीक्का, दहापैकी नऊ! डोळे उघड, मूर्ख!"

तो मोठ्याने वाचायला लागला. "'शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की चाळीस मिनिटं मी खुर्चीतून हलले नाही. एक म्हातारा खोकतो, आणि त्या खोकल्यात मला माझे वडील भेटले.'" तो थांबला. "खोकला! बाबांचा खोकला! तू काढून टाक म्हणत होतीस ना तो?"

"म्हणत होते. अक्कल नव्हती."

"लिहून दे तसं."

मग बाकीची आली. नऊ, आठ, परत नऊ. सगळ्यांनी शेवटाचं गुणगान गायलं आणि शेवट काय ते एकानेही सांगितलं नाही, कारण शेवट फोडणं हे आमच्याकडे महापाप. "'अलीकडच्या काळातला सर्वात धाडसी शेवट,'" तानेली वाचत होता आणि बाहीने नाक पुसत होता. शेवट म्हणजे त्याचं तळं. मी उठून त्याला मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही, त्यामुळे दोघांनाही कुठे हात ठेवायचे ते कळेना.

पाचव्या परीक्षणात एक वाक्य होतं. 'तीन तासांचा गेम, आणि एक मिनिटही फाजील नाही.'

"तीन?" मी म्हटलं. "आपला साडेसहा तासांचा आहे."

"ती मुरलेली माणसं गं. भराभर खेळतात." त्याने जाकीट चढवलं. "मी केक आणतो. मोठा. आणि तू पैशांवरून बोललीस तर बघ."

तो जिना उतरला आणि मी परीक्षकांना पाठवलेली प्रत उघडली. आमच्या रोजच्या कम्प्युटरवर आम्ही एक बटण करून ठेवलं होतं, ते दाबलं की सगळे दरवाजे आपोआप उघडायचे. शंभर वेळा तीच कोडी कोण सोडवत बसणार? परीक्षकांकडे अर्थातच ते बटण नव्हतं. म्हणून मीही न दाबता खेळले. कोडी माझीच, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत सातव्या कोठीत पोचले. चाकं फिरवली. पाणी चढलं, काठोकाठ झालं. वरच्या दरवाजाची कळ ओढली.

दरवाजा हलला नाही.

परत ओढली. पुन्हा ओढली. गेम बंद करून चालू केला, तर परत त्याच कोठीत, भरल्या पाण्यात. मग मला आठवलं. ऑगस्टमध्ये तानेलीचं तळं अर्धवट होतं, आणि चाचणीला आलेली पोरं आत घुसून गोंधळ घालायची. म्हणून मी त्या दरवाजाला आतून खिट्टी घातली होती. प्रोग्रॅममधली एक ओळ. तळं पुरं झालं की काढायची. तळं पुरं झालं आणि मी ती काढली नाही. आमच्या त्या लाडक्या बटणापुढे खिट्टीचं काही चालायचं नाही, म्हणून आम्हाला ती कधी दिसलीच नाही.

कोठी शांत होती. भिंतीवरून पाणी ठिबकत होतं. आणि दरवाजापलीकडून, तळ्यावरून, तानेलीने जरा मोठाच ठेवलेला बाबांचा खोकला ऐकू येत होता. हाच तो शेवट. म्हातारा पलीकडे आहे, त्याला सगळं कळतंय, आणि तो दार उघडत नाही. लोकांनी त्यालाच नऊ दिले होते. तळ्यापर्यंत एक माणूस पोचला नव्हता.

आणि एवढ्यावर संपलं नाही. बारा दिवसांपूर्वी इल्वा स्टेनमार्कने मला मेल केला होता: 'सातव्या कोठीत पाणी भरलं, पण वरचा दरवाजा उघडत नाही. काही अडकलंय का?' आता कोडी करणाऱ्या माणसांचा एक माज असतो, आणि माझ्यात तो दोघांपुरता आहे. सहा वर्षांत मी कुणाला कोडं सोडवायला एक इशारा दिलेला नाही. मी न बघता, उठून एक कळ न ओढता, उत्तर ठोकून दिलं होतं: 'काहीही अडकलेलं नाही. हवं ते सगळं कोठीतच आहे. नीट बघा.' बिचारीने नीट बघितलं. चाळीस मिनिटं बघितलं.

जिन्यावर पावलं वाजली. मी खाडकन स्क्रीन बंद केला.

केकवर साखरेचा नऊ होता. तानेलीने दुकानातल्या बाईला तिथल्या तिथे काढायला लावला होता. "तुला काय झालं?" त्याने विचारलं. "भूत बघितल्यासारखी बसलीयस."

"आनंदाने," मी म्हटलं, आणि केक खाल्ला. दोन तुकडे.

गेम बाजारात यायला बरोबर एक आठवडा होता. खिट्टी काढली, तर लोक तळ्यावर जाणार आणि परीक्षकांना कळणार की ज्याला आपण धाडस म्हटलं ती रीक्का नावाच्या एका बाईची विसराळूपणाची चूक होती. तोंडघशी पडलेला परीक्षक आधी दुसऱ्याचं तोंड शोधतो. आणि ते तोंड तळ्याचं असणार. नाही काढली, तर माझ्या भावाचं तळं, बाबांचा आवाज, दोन हिवाळे, सगळं त्या दरवाजामागे कायमचं पडून राहणार. आणि तानेलीला सांगायचं म्हणजे त्याला एवढं म्हणायचं, की अरे, तुझं तळं अजून कुणी पाहिलेलंच नाही. मी बुधवारी तोंड उघडलं आणि मिटलं. गुरुवारीही तेच.

गुरुवारी तर तो इल्वाला पत्र लिहायला बसला. "'आमच्या वडिलांजवळ इतका वेळ बसलात, त्याबद्दल...' कसं वाटतं?"

"नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालून सायकलवाल्याने छताला काठी मारली. "परीक्षकाला असं लिहायचं नसतं. गेम येईपर्यंत तर नाहीच. वशिला वाटतो."

"एवढं ओरडायला काय झालं? नाही लिहीत." पण तो शिट्टी वाजवत होता. मी माझ्या भावाची शिट्टी चार वर्षांनी ऐकत होते. प्रकाशकांनी जाहिरातीचं चित्र पाठवलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'सर्वात धाडसी शेवट'. तानेलीने ते छापून खिडकीशेजारी चिकटवलं. जिकडे बघावं तिकडे ते.

तो नसताना मी तीनदा ती ओळ उघडली. तीनदा बंद केली. शुक्रवारी मी सातव्या कोठीत नुसतीच बसून राहिले, त्या परीक्षकांसारखी, चाळीस मिनिटं. आणि आता खोटं कशाला बोलू, ते चांगलं होतं. पाणी ठिबकतंय, दार बंद, पलीकडे बाप. मला रडू फुटलं. माझ्या चुकीने माझ्या भावाच्या कामाहून चांगलं काम केलं होतं की काय, ह्या विचाराने मला धरलं ते सोडेना. जेवण गेलं, झोप गेली. खुर्चीतून उठले तरी मी त्या कोठीतच होते.

शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे बाबांकडे गेलो. कालव्याकाठचं छोटं घर आहे, वाफेने न्हायची सौना अंगणात. आधी माझी पाळी असते, मग तानेलीची. मी न्हाऊन आले, ओले केस टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरात बसले. बाबा कॉफी ओतत होते. ऐंशी वर्षांचे आहेत, पण कॉफी दुसऱ्या कुणाला ओतू देत नाहीत.

"काय गं, त्या स्वीडनच्या बाईला माझा खोकला आवडला म्हणे?"

"आवडला."

"मग तुझं थोबाड का असं? सौनात पाय भाजला?"

काय झालं कोण जाणे, मी सगळं ओकून टाकलं. खिट्टी, मेल, केक, सगळं. मला वाटलं होतं त्यांना कम्प्युटरचं काय कळणार. पण हे तर त्यांचंच काम होतं. त्यांनी मध्येच हात वर केला आणि ड्यूटीवर असल्यासारखे विचारायला लागले.

"पाणी पुरं भरलेलं?"

"काठोकाठ."

"मागचा दरवाजा?"

"बंद."

"बोटीत माणूस?"

"आहे. चाळीस मिनिटं. काही त्याहूनही जास्त."

"त्यांनी हाक मारली?"

"एकीने मारली. मी म्हटलं, सगळं ठीक आहे."

"उठून बघितलंस?"

"नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि मी? मी कुठे आहे?"

"तुम्ही पलीकडे आहात, बाबा. दरवाजाच्या पलीकडे. तुमचा खोकला ऐकू येतो."

त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं बघितलं नव्हतं. "म्हणजे बोट आत आहे. आतला माणूस हाक मारतोय. आणि मी, रेइनो, पलीकडे उभा राहून खोकतोय? दार उघडत नाही? मी?" त्यांनी टेबलावर हात आपटला. "एक्केचाळीस वर्षं! अंगात ताप होता तेव्हा उघडलं, तुझा जन्म झाला त्या सकाळी उघडलं, उणे बारा अंश थंडीत चाकाला हात चिकटले तरी उघडलं. एक बोट आत ठेवली नाही. आणि तू सगळ्या जगाला सांगितलंस की मी ठेवली!"

"बाबा, त्यांना ते आवडलंय..."

"आवडेना का! मला नाही आवडलं!"

दाराशी काहीतरी हललं. तानेली उभा होता, कमरेला टॉवेल, पायात बूट, अंगातून वाफा निघताहेत. किती वेळ उभा होता ते मला अजून माहीत नाही.

"कधीपासून माहितीय?" त्याने मला विचारलं.

"मंगळवारपासून."

"केकच्या आधी?"

"आधी."

"आणि तू खाल्लास."

मी मान हलवली. तो बाकावर बसला. मला वाटलं, संपलं. हा आता घरी जाणार, अंथरुणात शिरणार, आणि मी परत सूप घेऊन जाणार.

"राहू दे बंद," तो शेवटी म्हणाला.

"तानेली..."

"राहू दे म्हणतो ना! नऊ मिळालेत. माझ्या नावावर जन्मात कधी नऊ नव्हते. उघडलं आणि त्यांना तळं नाही आवडलं, तर? बंद असताना निदान कुणी वाईट तरी म्हणत नाही."

एवढ्या दिवसांत मी हेच स्वतःला समजावत होते, फक्त इतकं सरळ नव्हे. बाबांनी त्याच्यापुढे कॉफी सरकवली.

"नाही आवडलं तर निघून जातील," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "जाऊ देत. पण बोट आत ठेवायची नाही. तुम्ही दोघं माझी पोरं आहात ना?"

रविवारी सकाळी आम्ही खोलीवर गेलो. मी ती ओळ उघडली आणि खुर्चीतून उठले. "बस," मी म्हटलं. "मी घातली, पण तळं तुझं आहे. ठेवायची तर ठेव. मी कुणालाही, कधीही बोलणार नाही."

तो बसला. त्याने खिडकीशेजारच्या त्या जाहिरातीकडे बघितलं. मी दोनदा कॉफी केली, दोन्ही वेळा ती गार झाली. त्याचं बोट बटणावर होतं. "बाबांना उगीच सांगितलंस," तो पुटपुटला, आणि ओळ पुसून टाकली.

मग मी एकतीस परीक्षकांना नवी प्रत पाठवली, सोबत एक मेल. सातव्या कोठीचा वरचा दरवाजा आमच्या चुकीने अडकला होता. तुमच्यापैकी एकीने विचारलं तेव्हा मी उठून न बघता नाही म्हणून सांगितलं, त्याबद्दल माफ करा. पाणी भरलं की कळ ओढा, दरवाजा उघडेल. आयुष्यात मी दिलेला तो पहिला इशारा. प्रकाशकांचा फोन आला तो मी कानापासून हातभर लांब धरला, तरी तानेलीला शब्दन् शब्द ऐकू गेला.

व्हायचं तेच झालं. काहीजणांनी आकडा तसाच ठेवला, काहींनी गुपचूप उतरवला, दोघांनी आम्हाला यथेच्छ धुतलं. इल्वा स्टेनमार्कचं नवं परीक्षण पुढच्या शनिवारी आलं. आम्ही बाबांच्या स्वयंपाकघरातच होतो. ह्या वेळी डोळे तानेलीने मिटले आणि वाचलं मी, छापून घेतलेल्या कागदावरून.

"'मला ती बंद कोठीच जास्त प्रिय होती, हे कबूल करायला हवं. तळं प्रामाणिक आहे, पण पसरट आहे. अकरापैकी चार बेटं कमी करता आली असती. आणि म्हातारा फार बोलतो.'" मी थांबले. "'तिसऱ्या बेटावर तो बायकोच्या हातमोज्यांबद्दल बोलतो, तिथे मी बोट थांबवली आणि पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. सहा.'"

"फार बोलतो?" बाबा म्हणाले. "मी?" आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकायला लागले. "किती म्हणाली?"

"सहा."

"मग पास की. मला गणितात कधी पाचाच्या वर मिळाले नाहीत."

मी तानेलीकडे बघायला घाबरत होते. त्याने डोळे उघडले होते, आणि ते भरलेले होते. त्याने माझ्या हातातून तो कागद काढून घेतला आणि हातमोज्यांचं वाक्य स्वतः एकदा वाचलं, ओठ हलवत.

"तिसऱ्या बेटावर तिने बोट थांबवली," तो म्हणाला.

"तानेली, माझ्यामुळे तुझे नऊ गेले. मी..."

"ते नऊ तुझ्या खिट्टीचे होते." त्याने फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि कागद दारावर लावला, जरा वाकडा. "हे सहा माझे आहेत."

मग तो बसला आणि बाबांनी ओतलेली कॉफी प्याला.